अर्ध्या मिनिटाची भेट

मोठी माणसे दुरून पाहावीत, फार जवळ जाऊ नये, असे माझे पुष्कळ दिवसांचे मत होते. हे मत मी या पानावर निदान तीनदा तरी मांडले असेल आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी वाचकाने 'अगदी मनातले बोललात' असे पत्र पाठवले आहे. त्या सर्वांची आज मी माफी मागणार आहे. फराळाचे ताट पुढे असले की माणसे क्षमाशील होतात, म्हणून हा दिवाळीचा मुहूर्त धरला.

माझे मत अगदीच निराधार होते असे नाही. मी मराठीचा अध्यापक. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे, त्यांना चहात साखर किती लागते ते विचारणे आणि 'यांना परिचयाची आवश्यकता नाही' असे म्हणून पंधरा मिनिटे परिचय करून देणे, ही कामे गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहेत. या नोकरीत थोर माणसे मी घामाघूम झालेली पाहिली, चिडलेली पाहिली, मानधनाचे पाकीट हळूच चाचपताना पाहिली. त्यामुळे कुणी नट, कुणी कवी समोर आला म्हणून माझ्या छातीचा ठोका चुकत नाही, असा माझा लौकिक होता. निदान घरात तरी होता.

तो घरातच धुळीला मिळाला. गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे.

त्या वर्षी आमची मुग्धा बारावीला होती, शास्त्र शाखेत. रसायनशास्त्राच्या तिच्या वहीत पुढून समीकरणे असत आणि मागून एक चित्रकथा. ही कथा डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर राहणाऱ्या एका मांजरीची. तिला सगळ्या गाड्यांचे वेळापत्रक पाठ असते आणि ती चुकलेल्या माणसांना बरोबर डब्यापाशी नेऊन सोडते. वर्षाच्या मध्यावर समीकरणे वहीच्या तिसाव्या पानावर थांबली आणि मांजर मागून चालत येऊन त्यांना भिडली. मग व्हायचे तेच झाले. "मला इंजिनियरिंगला जायचं नाही, मी हेच करणार," असे ती एकदा जेवताना म्हणाली. मी म्हणालो, "हेच म्हणजे काय?" ती काही बोलली नाही. आमटी निवून गेली. पुढे महिनाभर तो विषय कुणी काढला नाही. पण घरात न काढलेला विषय काढलेल्या विषयापेक्षा जास्त जागा अडवतो.

अशात एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मुंबईला कॉमिक कॉन आहे. एकदा माझ्याबरोबर चला. मग काय ते बोला."

मी नाही म्हणणार होतो. पण आतून सौ.चा आवाज आला, "अहो, जा की! एवढ्या गर्दीत ती एकटी कुठे जाणार?" आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात एक डाव होता. तिथे चित्रकथा काढणारे कलावंत टेबले मांडून बसतात, असे ऐकले होते. त्यांतल्या एकाला मुग्धासमोर विचारायचे, 'यावर पोट भरतं का?' तो प्रामाणिक असला तर 'नाही' म्हणेल. बापाने सांगितलेले पटत नाही, ते आवडत्या माणसाने सांगितले की पटते, असा माझा हिशेब.

जाण्यापूर्वी अध्यापकी सवयीने थोडे वाचून घेतले. आपल्याकडे १८७८ साली पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. चित्रकथावाल्यांचे संमेलन त्या मानाने अलीकडचे. १९६४ साली न्यू यॉर्कला काही शौकीन एक दिवस जमले. पुढे १९७० च्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगो शहरातल्या यू. एस. ग्रँट नावाच्या हॉटेलात तीन दिवसांचा मेळा झाला. त्याला तीनशेच्या आसपास माणसे आली. आज त्याच मेळ्याला लाखाच्या वर लोक लोटतात आणि तिकिटे मिळणे हे नशिबाचे काम होऊन बसले आहे. मला मात्र आवडली ती त्याच्या आधीची हकीगत. शेल डॉर्फ नावाचा एक गृहस्थ, चित्रकथांचा वेडा, विशीच्या आतबाहेरची काही पोरे गोळा करून थेट जॅक कर्बीच्या घरी जाऊन धडकला. कर्बी म्हणजे जो सायमनच्या जोडीने 'कॅप्टन अमेरिका' निर्माण करणारा चित्रकार. त्याने या पोरांना दारातून परत पाठवले नाही, आणि १९७० च्या मेळ्यालाही तो पाहुणा म्हणून हजर राहिला. म्हणजे पाहता पाहता शहर व्यापून टाकणाऱ्या त्या जत्रेच्या मुळाशी काय, तर आवडत्या माणसाच्या घरी न बोलावता जाण्याचा आगाऊपणा!

आपल्या देशात असा पहिला मेळा २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला भरला. 'अमर चित्र कथा' आणि 'टिंकल' यांचे जनक अनंत पै यांना तिथे जीवनगौरव देण्यात आला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला मुंबईत ते वारले. हे वाचून मी जरा थबकलो. माझ्या पिढीच्या लहानपणी ते पै काका होते. मुले त्यांना पत्रे लिहीत. मीही एक लिहिले होते. ते टाकायचे राहून गेले.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही डोंबिवलीहून कुर्ल्याची गाडी पकडली. डब्यात शिरतो तो समोर स्पायडरमॅन. लाल-निळे कपडे, तोंडावर जाळे, आणि एका हाताने वरची कडी धरून लोंबकळणारा. अमेरिकेत याचे कौतुक होत असेल. आमच्या डब्यात कुणी मान वर करूनही पाहिले नाही. डोंबिवलीचा प्रत्येक कारकून पस्तीस वर्षे हेच करीत आला आहे. शेजारचे एक आजोबा मात्र म्हणाले, "बाळ, उकडत नाही का रे?" त्यावर जाळ्याच्या आतून बारीक आवाज आला, "खूप उकडतंय, आजोबा."

हा वेष घेण्याचा प्रकारही जुना निघाला. १९३९ साली न्यू यॉर्कला विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन झाले. तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस असे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून आले होते. दोन्ही पोशाख मर्टलने शिवले होते. तेव्हापासून ही प्रथा पडली आणि वाढली. आपल्या बहुरूप्यालाच म्हणायचे हे. फरक इतकाच की बहुरूपी दारोदार जाऊन ओळख विचारतो आणि ही मुले ओळखले जाण्यासाठी एका ठिकाणी गोळा होतात.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या भव्य इमारतीत शिरलो आणि मला एकदम साहित्य संमेलनात आल्यासारखे वाटले. हसू नका. तीच पुस्तकांची दालने, तीच खाण्याच्या ठिकाणची झुंबड, तोच ध्वनिक्षेपकाचा आवाज की ज्यातून काय सांगितले ते शेवटपर्यंत कळत नाही. व्यासपीठावर चर्चा चालू आणि श्रोत्यांचा डोळा चहाकडे, हेही तेच. एकच गोष्ट निराळी होती. आमच्या संमेलनात सरासरी वय साठ असते, इथे ते वीस होते, आणि त्यात माझी भर पडल्यामुळेच ते वीसपर्यंत चढले असावे.

एका पाहुण्याच्या सहीसाठी भली मोठी रांग लागली होती. रांगेतल्या मुलाला मी विचारले, "किती वेळ उभा आहेस?" तो म्हणाला, "दीड तास." "आणि भेट किती वेळाची?" "अर्धं मिनिट मिळेल बहुतेक." त्याच्या चेहऱ्यावर तक्रारीचा लवलेश नव्हता. अमेरिकेतल्या अशा मेळ्यांत नामवंत नटनट्यांच्या सहीला रीतसर दर असतो आणि बड्या नावांचा तो शंभर डॉलरच्या पुढेही जातो. हे वाचले तेव्हा मी नाक मुरडले होते. पण मग आठवले, सहीचे पैसे तर गांधीजीही घेत. हरिजन निधीसाठी पाच रुपये टाकल्याशिवाय त्यांची सही मिळत नसे, आणि लोक आनंदाने टाकीत. उलट फ्रान्समध्ये आंगुलेम गावी १९७४ पासून चित्रकथांचा मोठा महोत्सव भरतो, तिथे चित्रकार पुस्तकावर सहीबरोबर हाताने एक छोटे चित्रही काढून देतात, आणि त्यापायी लोक तासन् तास ताटकळतात. तेव्हा सहीची किंमत पैशांत करा की तासांत, माणसे ती मोजायला तयार असतात. प्रश्न असा, की ती मोजून मिळते काय?

त्याचे उत्तर मला माझ्या खर्चाने मिळाले.

मुग्धा पुढे गेली होती. मी टेबलांच्या रांगांतून रेंगाळत चाललो होतो. एका टेबलामागे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. समोर जुन्या चित्रकथांची मूळ पाने मांडलेली. मी सहज एक पान पाहिले आणि जागच्या जागी उभा राहिलो. त्या पानावरचा घोडा माझ्या ओळखीचा होता. त्याच्या आयाळीची वळणे ओळखीची होती. तिसरीत असताना तापाने आठवडाभर पडलो होतो, तेव्हा उशाशी असलेले ते पुस्तक मी इतक्यांदा वाचले, की त्याचे मधले पान निसटून आले. पुढे घर बदलताना ते रद्दीत गेले. तो घोडा काढणारा हात माझ्यापासून दोन फुटांवर टेबलावर विसावला होता.

वीस वर्षे व्याख्याने देणारा मी माणूस. अशा प्रसंगी काय बोलावे याचे मुलांना धडे देतो. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "तुमचं... तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

ते हसले. "अक्षर माझं नव्हे हो. चित्रं माझी. अक्षरं काढणारा वेगळा असायचा, रंग भरणारा आणखी वेगळा. पण त्याला कळवतो. त्याचं अक्षर चांगलं आहे म्हणून सांगायला आजवर कुणी आलं नसेल."

मी पुन्हा काहीतरी पुटपुटलो. त्यांनी विचारले, "कुणाच्या नावानं सही करू?" मला स्वतःचे नाव आठवायला क्षणभर वेळ लागला. मागच्या मुलाने मला हळूच पुढे सरकवले. अर्धे मिनिट संपले होते. घोड्याविषयी, तापाविषयी, निसटलेल्या पानाविषयी मी अक्षरही बोललो नव्हतो.

या फजितीत त्या सज्जन कलावंताचा काडीमात्र दोष नाही, म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही.

एका खांबाला टेकून मी घाम पुसला आणि मला माझी दुसरी फजिती आठवली, पंचवीस वर्षांपूर्वीची. ती मी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या तालुक्याच्या गावी वसंत व्याख्यानमालेला एक लेखक आले होते. त्यांची पुस्तके मी झपाटल्यासारखी वाचली होती. मी बारावीला. घरी वडिलांनी इंजिनियरिंगचा अर्ज आणून, भरून, फक्त माझ्या सहीसाठी कपाटात ठेवलेला. व्याख्यान संपल्यावर स्वाक्षरीची वही घेऊन मी गर्दीत घुसलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वहीवरून नजर न काढता विचारले, "पुढे काय करणार?" दररोज शंभर मुलांना विचारायचा प्रश्न तो. आणि मी, ज्याने हा विचार स्वतःशीदेखील धडपणे केला नव्हता, खणखणीत आवाजात म्हणालो, "मराठी घेऊन एम. ए. करणार आहे."

त्यांनी एकदा वर पाहिले. "मग भरपूर वाचा," म्हणाले आणि पुढच्याची वही घेतली. झाले. ना आशीर्वाद, ना उपदेश. त्यांना ती भेट दुसऱ्या दिवशीही आठवली नसेल. पण घरी परत जाताना माझ्या पायांत निराळेच बळ होते. मी ते वाक्य मोठ्याने बोललो होतो आणि आकाश कोसळले नव्हते.

एवढ्यात मुग्धा मला शोधत आली. "बाबा, चला ना. माझी पाळी येतेय."

जिच्यासाठी ती आली होती ती चित्रकर्ती तिशीची, केस आखूड, बोटांना शाई. तिच्यासमोर पाचसहाच मुले होती. मुग्धाच्या हातात ती वही होती, पुढून समीकरणे आणि मागून मांजर. पाळी आली तशी तिच्या तोंडातून शब्द फुटेना. मला वाटले, बापाचाच वारसा! मी पुढे होऊन आमच्या घरचे नेहमीचे उत्तर देणार होतो. पाहुण्यांनी विचारले की आम्ही तिघेही एका सुरात सांगतो, 'बारावी सायन्स.'

चित्रकर्तीने विचारले, "तू काय करतेस?"

मुग्धा म्हणाली, "मी चित्रकथा करते."

मी व्याकरण शिकवणारा माणूस आहे. माझ्या कानाने आधी क्रियापद टिपले. 'करणार आहे' नव्हे, 'करायचं म्हणते' नव्हे, करते. साधा वर्तमानकाळ. मी माझ्या वेळी भविष्यकाळापर्यंतच पोहोचलो होतो.

चित्रकर्तीने वही हातात घेतली आणि शांतपणे पाने उलटली. समीकरणांपाशी आली तेव्हा हसली, पण काही बोलली नाही. मग म्हणाली, "मांजर छान आहे. गर्दी चांगली जमलीय. पण तू हात टाळतेस. हा बघ, चहावाला, हात खिशात. ही बाई, हात पदराखाली. आणि हा तिकीट तपासनीस, याचे तर दोन्ही हात पाठीमागे! मग तो तिकीट मागणार कसा?"

मुग्धा लाल झाली. "मला हात येत नाहीत."

"कुणालाच येत नाहीत. वर्षभर नुसते हात काढ. गाडीत बसलीस की समोरच्यांचे काढ."

हीच वेळ होती. मी घसा खाकरला आणि ठरवून आणलेला प्रश्न टाकला, "यावर पोट भरतं का?"

तिने माझ्याकडे पाहिले. अशा बापांची तिला सवय असावी. "भरतं," ती म्हणाली, "पण रोज वेळेवर नाही. आठवड्याचे तीन दिवस मी जाहिरातींचं काम करते, तेव्हा उरलेले दिवस हे करता येतं. जड जातं कधी कधी. पण सोडावंसं वाटलेलं नाही."

यावर मला उत्तर सुचेना, कारण हे उत्तर माझ्याच ओळखीचे होते. दर जूनमध्ये कुणा ना कुणा विद्यार्थ्याचे वडील माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, 'सर, मराठी घेऊन हा करणार काय?' तेव्हा मीही डोळ्याला डोळा न भिडवता थोड्याफार फरकाने हेच सांगतो. बिचारे ऐकून जातात. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी इतकी वर्षे धीर वाटला आणि या बाजूला उभा राहिल्यावर एका मिनिटात तो गमावून बसलो.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. मुग्धा समोरच्या बाईचे हात काढत होती. बाई झोपली होती, हात पिशवीवर. मुलुंडच्या सुमारास मी तिला ती व्याख्यानमालेची गोष्ट सांगितली. वहीतून मान वर न करता तिने सगळी ऐकली.

"म्हणजे तुम्ही त्यांना खोटंच सांगितलंत?"

"तेव्हा खोटंच होतं."

"मग?"

"मग ते खरं करावं लागलं."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबांना कधी सांगितलंत?" मी म्हणालो, "त्या अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा." तिने मान हलवली आणि पुन्हा हातांकडे वळली. घरी पोहोचल्यावर सौ.ने विचारले, "झाली का भेट? काय मिळालं?" मुग्धा म्हणाली, "गृहपाठ."

तेव्हा वाचकहो, माझे जुने मत मी मागे घेत आहे. आवडत्या माणसाला अवश्य भेटावे. तो काही फार मोठे सांगेल म्हणून नव्हे. अर्ध्या मिनिटात कुणी काय सांगणार? पण त्याच्यापुढे उभे राहिल्यावर आपण स्वतः काय बोलून जातो, ते ऐकण्यासारखे असते. घरच्यांनी तर ते आवर्जून ऐकावे. आणि तुमच्या लहानपणीचा एखादा घोडा काढणारा, एखादी गोष्ट लिहिणारा कुठे भेटलाच, तर बोलायचे ते घरूनच ठरवून जा. नाहीतर भलत्याच माणसाच्या अक्षराची तारीफ करून परत याल.

मुग्धा सध्या उपयोजित कला शिकते. निर्णय सोपा नव्हता आणि काळजी संपली असेही नाही. महिन्याअखेरी ती अजून माझ्या उशाशी येऊन बसते. हात अद्याप नीट जमत नाहीत, अशी तिची तक्रार असते. परंतु परवा दिवाळीची साफसफाई करताना तिची नवी वही हाती लागली. रद्दीत टाकण्यापूर्वी मी ती उघडून पाहिली, आणि टाकली नाही. फलाटावरच्या त्या तिकीट तपासनीसाने एक हात पाठीमागून काढून पुढे केला आहे.